काठावरून दोर मोजताना

गेल्या ऑक्टोबरात आमच्या बंदरावरच्या मच्छीमार संस्थेचा लिलावाचा प्रोग्रॅम ऐन बोलीच्या वेळी तीन-तीन, चार-चार सेकंद गप्प बसू लागला. हा प्रोग्रॅम मीच लिहिलेला आहे. पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीला परतल्यावर हाती घेतलेले ते माझे पहिले मोठे काम होते. बोटीवरून उतरलेला माल, त्याचे वजन, लागलेली बोली आणि शेवटी ज्याच्या नावावर माल सुटला ते नाव, हे सगळे धक्क्यावरच्या प्रत्येक फोनवर त्याच क्षणी दिसावे, एवढाच त्याचा उद्देश. सुरमईच्या बोलीत तीन सेकंद हा फार मोठा काळ असतो. एका संध्याकाळी मासे घ्यायला आलेल्या एका मावशींची बोली पडद्यावर उमटली, तोवर माल दुसऱ्याच्या नावावर सुटून गेला होता. मावशी भांडल्या नाहीत. त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखी तोंडाने बोली लावायला सुरुवात केली. त्या भांडल्या असत्या तर मला इतके लागले नसते. अकराव्या दिवशी प्रोग्रॅम पूर्ण बंद पडला. मेमरी संपली आहे आणि गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत मिळवण्याच्या सफाईचा, खर्च मर्यादेबाहेर गेला आहे, एवढे सांगणारी एक ओळ तेवढी त्याने नोंदवहीत मागे ठेवली होती.

जावा ही भाषा निवडताना मी संस्थेच्या सचिवांना मोठ्या विश्वासाने सांगितले होते की, या भाषेत मेमरीची काळजी भाषाच घेते. ते विधान खोटे नव्हते. मात्र भाषा नेमकी कशाची काळजी घेते आणि कशाची घेऊ शकत नाही, याचा मी त्या वेळी पुरेसा विचार केलेला नव्हता. तो विचार त्या अकरा दिवसांनी करायला लावला आणि तोच येथे मांडत आहे.

प्रोग्रॅम चालू असताना त्याला सतत नवी जागा लागते. एक बोली आली की तिच्यासाठी एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एक छोटा गठ्ठा, तयार होतो, त्याला मेमरीच्या हीप नावाच्या भागात जागा मिळते, आणि काम झाल्यावर ती जागा परत मिळाली नाही तर हीप भरत जातो. सी भाषेत ही जागा मागण्याची आणि परत करण्याची दोन्ही कामे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः करायची असतात. परत करायला विसरले तर मेमरी गळते. त्याहून वाईट म्हणजे अजून वापरात असलेली जागा चुकून परत केली, तर त्या जागी दुसराच मजकूर येऊन बसतो आणि प्रोग्रॅम त्यालाच आपला समजून पुढे चालत राहतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले होते की, त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या अशा चुकीच्या हाताळणीतून येतात. अनुभवी माणसांच्या हातून वर्षानुवर्षे एवढ्या प्रमाणात चुका होत असतील, तर ते काम माणसाकडे न ठेवणेच शहाणपणाचे आहे, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

ते काम माणसाकडून काढून घेण्याची कल्पना संगणकशास्त्राच्या मानाने फार जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेविषयीचा आपला निबंध एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध केला. आयबीएम ७०४ या यंत्रावर मोकळी जागा संपली की काय करायचे, याची रीत त्यात दिलेली आहे. प्रोग्रॅमला थेट ठाऊक असलेल्या काही ठरावीक जागांपासून सुरुवात करायची, तेथून धागा धरून जेथे जेथे पोहोचता येईल त्या प्रत्येक शब्दाचे, म्हणजे मेमरीतल्या कप्प्याचे, चिन्ह उणे करायचे, आणि मग सगळी मेमरी एकदा चाळून ज्यांचे चिन्ह बदललेले नाही ते शब्द मोकळ्या जागेच्या यादीत टाकायचे. आज मार्क-स्वीप म्हणतात ती पद्धत हीच. गार्बेज कलेक्शन हा शब्द मात्र त्या निबंधात नाही. प्रयोगशाळेत तो तेव्हाच रूढ होता, पण निबंधात लिहिण्याचे धाडस झाले नाही, असे मॅकार्थींनीच पुढे नमूद केले. १९६० च्या त्या निबंधातच त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे: या प्रक्रियेला काही सेकंद लागतात, म्हणून पोहोचता येण्याजोग्या याद्यांनी मेमरी जवळजवळ भरून जाणार नाही हे पाहिले पाहिजे, नाही तर प्रोग्रॅमचा बहुतेक वेळ जागा परत मिळवण्यातच जाईल. हे वाक्य मी महाविद्यालयात असताना वाचले होते आणि आयबीएम ७०४ बरोबरच ते जुने झाले असे समजून सोडून दिले होते. साठ वर्षांहून अधिक काळानंतर आमच्या धक्क्यावर नेमके तेच घडत होते.

‘पोहोचता येणे’ या कल्पनेवर सगळे उभे आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबते. माझे वडील तांडेल होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी खाडीत आणून बांधतात. जागा कमी आणि बोटी जास्त, त्यामुळे प्रत्येक बोटीच्या वाट्याला काठावरचा खुंट येत नाही. पहिली बोट खुंटाला, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला, अशा त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. रात्री वादळ होऊन गेले की पहाटे बाबा दोर तपासायला जायचे आणि लहानपणी मीही कित्येकदा त्यांच्याबरोबर गेले आहे. एकदा मी मधल्याच एका होडीकडे बोट दाखवून तिला दोन दोर आहेत, ती पक्की आहे, असे सांगितले. बाबा म्हणाले, “होडीवरचे दोर मोजू नकोस गो बाय. काठावरनं ये.” काठावरून दोर धरून जात राहिले तेव्हा कळले की, ती होडी आणि तिच्या पलीकडची होडी एकमेकींना बांधलेल्या होत्या खऱ्या, पण काठाशी जोडणारा दोर रात्री तुटला होता. ओहोटी लागली असती तर त्या दोघी एकमेकींचा दोर न सोडता समुद्राकडे गेल्या असत्या.

गार्बेज कलेक्टर काठावरूनच येतो. सध्या चालू असलेल्या फंक्शनांमधले व्हेरिएबल, प्रोग्रॅमभर टिकणारी स्टॅटिक फील्ड, चालू थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, हे त्याचे खुंट. त्यांना रूट म्हणतात. रूटपासून रेफरन्सचे, म्हणजे एका ऑब्जेक्टने ठेवलेल्या दुसऱ्याच्या पत्त्याचे, दोर धरत तो जेथवर जाऊ शकतो ते सगळे ऑब्जेक्ट जिवंत, उरलेली जागा मोकळी. होडीवरचे दोर मोजण्याची दुसरी रीतही त्याच वर्षी पुढे आली. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० च्या डिसेंबरात रेफरन्स काउंटिंग मांडले, ज्यात प्रत्येक वस्तूजवळ आपल्याकडे किती रेफरन्स आहेत याचा आकडा असतो आणि तो शून्य झाला की वस्तू त्याच क्षणी मोकळी होते. ही रीत सोपी आहे, तिच्यात लांबलचक थांबे येत नाहीत, आणि पायथॉनची रोजची भिस्त आजही तिच्यावरच आहे. पण एकमेकींना बांधलेल्या त्या दोन होड्या तिला कधीच दिसत नाहीत, कारण दोघींचाही आकडा शून्य होत नाही. म्हणूनच पायथॉनला २००० साली आलेल्या २.० आवृत्तीत अशी वर्तुळे शोधणारा वेगळा कलेक्टर जोडावा लागला.

आता या पद्धतीची जी मर्यादा मला भोवली ती अशी. कलेक्टर फक्त पोहोचता येते की नाही एवढेच पाहतो. एखाद्या ऑब्जेक्टची पुढे कधी गरज पडणार आहे की नाही, हे त्याला कळत नाही आणि कोणत्याही कलेक्टरला ते सर्वसाधारणपणे कळणे शक्य नाही. कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच समजेल. मुंबईला गेलेल्या चुलतभावाने तीस वर्षांत बागेत पाऊल टाकलेले नसले, तरी त्याचे नाव उताऱ्यावर असेपर्यंत तलाठी ते आपल्या मनाने खोडत नाही, आणि खोडू नयेच. कलेक्टरही उताराच वाचतो. माझ्या प्रोग्रॅमने एखादा दोर बांधून ठेवला आणि सोडला नाही, तर त्या दोरापलीकडचे सगळे सामान तो प्रामाणिकपणे सांभाळत राहणार.

प्रोग्रॅम बंद पडला त्या रात्री मी तो पुन्हा सुरू केला, मेमरी संपल्यास हीपची संपूर्ण प्रत डिस्कवर उतरवून ठेवण्याची सूचना जावाला दिली, आणि वाट पाहत बसले. वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मला एक प्रश्न छळत होता: ऑगस्टपासून प्रोग्रॅम चालू आहे, मग ऑगस्ट आणि सप्टेंबरात काही का झाले नाही? उत्तर विजेच्या खांबावर होते. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-तीन दिवसांनी वीज जातेच. संस्थेच्या संगणकाला बॅटरीचा आधार नव्हता, त्यामुळे वीज गेली की तो बंद पडायचा आणि आली की प्रोग्रॅम रिकाम्या हीपसह नव्याने सुरू व्हायचा. ऑक्टोबरात पाऊस ओसरला, वीज टिकू लागली, आणि गळती भरून वर यायला तिला पहिल्यांदाच अकरा दिवस सलग मिळाले.

मात्र त्या अकरा दिवसांतलेही पहिले सात-आठ दिवस सुरळीत गेले होते, आणि त्याचे कारण कलेक्टरच्या रचनेत आहे. आधुनिक कलेक्टर हीपचे पिढ्यांनुसार भाग पाडतात. बहुतेक ऑब्जेक्ट जन्मल्यावर थोड्याच वेळात निरुपयोगी होतात, ही जुनी निरीक्षणाची गोष्ट आहे. तिच्या आधारे हेन्री लीबरमन आणि कार्ल ह्यूइट यांनी १९८३ मध्ये, तर डेव्हिड उंगार यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी १९८४ मध्ये पिढ्यांची पद्धत मांडली. आमच्या धक्क्यावर हे रोज दिसते. उतरलेल्या म्हावऱ्यापैकी बहुतेक त्याच संध्याकाळी निघून जाते, थोडेच शीतगृहात जाते. म्हणून धक्का दिवसातून अनेकदा धुतात आणि शीतगृह क्वचित आवरतात. जावामध्ये नवे ऑब्जेक्ट नव्या पिढीत जन्मतात आणि ती पिढी वारंवार, झटपट तपासली जाते. त्या तपासण्यांतून जे पुन्हा पुन्हा तगतात ते जुन्या पिढीत हलवले जातात. किती वेळा तगल्यावर हलवायचे याची कमाल मर्यादा जावा ८ मध्ये १५ आहे.

नव्या पिढीची ही तपासणी झटपट होते त्यामागची युक्ती मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. सी. जे. चेनी यांनी १९७० मध्ये दिलेल्या पद्धतीप्रमाणे कलेक्टर जिवंत ऑब्जेक्ट उचलून दुसऱ्या मोकळ्या जागेत ओळीने मांडतो आणि मग आधीची जागा सगळीच्या सगळी रिकामी म्हणून जाहीर करतो. गोळा करायच्या कचऱ्याला तो हातही लावत नाही. खर्च होतो तो जिवंत ऑब्जेक्टांवर, आणि नव्या पिढीत ते मूठभरच असतात. जुन्या पिढीतला एखादा ऑब्जेक्ट नव्या पिढीतल्या एखाद्याला धरून असला तर तो चुकू नये, म्हणून जावाचे प्रोग्रॅम चालवणारे हॉटस्पॉट हे यंत्र जुन्या पिढीचे ५१२ बाइटचे तुकडे पाडते आणि कोणत्या तुकड्यात लिहिले गेले याची खूण ठेवते. तेवढेच तुकडे पाहिले की काम भागते.

माझी गळती या झटपट तपासणीला दिसत नव्हती. गळलेले ऑब्जेक्ट तगत तगत जुन्या पिढीत जाऊन बसत होते, तेथे जागा होती तोवर कोणाला त्रास नव्हता. संस्थेच्या संगणकाची मेमरी ४ जीबी. वेगळे काही सांगितले नाही तर जावा त्यातली चौथाई, म्हणजे सुमारे १ जीबी, हीपसाठी कमाल मर्यादा धरते, आणि जावा ८ मध्ये त्याच्या दोन-तृतीयांश जागा, म्हणजे सुमारे ६८० एमबी, जुन्या पिढीला मिळते. ती भरत आली की पूर्ण सफाई सुरू होते. या सफाईत प्रोग्रॅमचे सर्व थ्रेड थांबवले जातात, रूटपासून सगळे जिवंत ऑब्जेक्ट शोधले जातात आणि एका बाजूला सरकवले जातात. जिवंत ऑब्जेक्ट जेवढे जास्त तेवढा वेळ जास्त, आणि सफाईनंतर हाती येणारी जागा तेवढी कमी, म्हणून पुढची सफाई आणखी लवकर. ९८ टक्क्यांहून अधिक वेळ सफाईत जाऊन २ टक्क्यांहून कमी हीप मोकळा होऊ लागला, की जावा ८ चा समांतर कलेक्टर हात टेकतो आणि मी पाहिलेली ती ओळ लिहून थांबतो. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर यांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवले होते. गरजेच्या पाचपट मेमरी दिली तर गार्बेज कलेक्शनचा वेग हाताने केलेल्या व्यवस्थापनाच्या बरोबरीला येतो, तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो, आणि दुप्पटच दिली तर जवळजवळ ७० टक्के. मॅकार्थींनी १९६० मध्ये एका वाक्यात दिलेल्या इशाऱ्याला येथे आकडे मिळाले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रोग्रॅम पुन्हा पडला आणि मला हीपची प्रत मिळाली. ती उघडून पाहणाऱ्या साधनात कोणता ऑब्जेक्ट सुटला तर किती मेमरी मोकळी होईल हे उतरत्या क्रमाने दिसते. सर्वांत वर माझीच एक यादी होती. लिलावाच्या बातम्या ज्यांना पोहोचवायच्या त्या फोनांच्या लिसनरांची, म्हणजे एकेका फोनपर्यंत बातमी नेणाऱ्या ऑब्जेक्टांची, ती यादी. धक्क्यावर फोन होते २६ आणि यादीत लिसनर होते ११,३९२. प्रत्येक लिसनरने त्या दिवशीच्या अलीकडच्या बोल्यांची स्वतःची नक्कल धरून ठेवलेली होती, सुमारे ५० केबी, आणि सगळ्यांची मिळून जवळजवळ ५५० एमबी.

कारण समजायला त्यानंतर दहा मिनिटेही लागली नाहीत. धक्क्यावर फोनचे नेटवर्क टिकत नाही. बर्फाच्या कारखान्यामागे गेले की जाते, दोन मोठ्या ट्रॉलरांच्या मध्ये उभे राहिले की जाते. जोडणी तुटली की फोन पुन्हा जोडला जायचा आणि प्रत्येक वेळी माझा प्रोग्रॅम त्याच्यासाठी नवा लिसनर तयार करून यादीच्या शेवटी जोडायचा. जुना लिसनर फोनने स्वतःहून निरोप घेतला तरच यादीतून निघायचा, आणि नेटवर्क गेलेला फोन निरोप घेत नाही. एका फोनची जोडणी दिवसातून चाळीसेक वेळा तुटत असेल, तर २६ फोन आणि ११ दिवस यांचा हिशेब बरोबर तेथेच येऊन थांबतो. घरातल्या टेबलावर मी दोन फोन ठेवून आठवडाभर चाचणी केली होती आणि घरचे नेटवर्क एकदाही गेले नव्हते. धक्क्यावर उभे राहून चाचणी करायला हवी होती; ती मी केली नाही, आणि त्याची किंमत मावशींनी एका संध्याकाळी मोजली.

पुण्याच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना हे कळवले तेव्हा सल्ले आले. एकाने सांगितले, मेमरी वाढव. ८ जीबी केली असती तर प्रोग्रॅम अकराऐवजी बावीसेक दिवसांनी पडला असता आणि पडण्याआधीचे थांबे दुप्पट लांबीचे झाले असते, कारण शोधायचे जिवंत ऑब्जेक्ट दुप्पट झाले असते. दुसऱ्याने सांगितले, रस्ट वापर. रस्टबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या या भाषेत कोणत्या वस्तूचा मालक कोण हे कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे साधनच, तपासतो, मालकाची मुदत संपली की वस्तू तेथेच मोकळी होते, आणि चालत्या प्रोग्रॅममागे कलेक्टर ठेवावा लागत नाही. वापरात असलेली जागा चुकून परत करण्याचा धोका त्यातून जातो. पण माझ्या यादीची मालकी रस्टमध्येही सर्व्हरकडेच असती, सर्व्हर जिवंत असेपर्यंत यादी जिवंत असती, आणि ११,३९२ लिसनर तेथेही तसेच साठले असते. मेमरी गळणे हे रस्टच्या सुरक्षिततेच्या व्याख्येत मुळात मोडतच नाही.

तिसरा सल्ला विचार करण्याजोगा होता: थांबा न घेणारा कलेक्टर वापर. प्रोग्रॅम चालू असतानाच सफाई करण्याचा प्रश्न डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट, मार्टिन, शोल्टेन आणि स्टेफेन्स यांनी १९७८ च्या निबंधात सोडवला आणि तो किती अवघड आहे हे खाडीत उभे राहिले की लगेच कळते. समजा, बाबा काठावरून निघाले आहेत. पहिल्या होडीचे सगळे दोर तपासून झाले, ती काळी. दुसरीपर्यंत ते पोहोचले आहेत पण तिचे दोर पाहायचे राहिले आहेत, ती करडी. तिसरी अजून दिसलेलीच नाही. ती पांढरी, आणि ती फक्त दुसरीला बांधलेली आहे. एवढ्यात एका खलाशाने तिसरीचा दोर दुसरीवरून सोडून पहिलीला बांधला. बाबा दुसरीपाशी येतात, तेथे दोर नाही; पहिलीकडे ते परत जाणार नाहीत, कारण ती तपासून झाली आहे. पक्की बांधलेली तिसरी होडी सुटलेली म्हणून जाहीर होते. प्रोग्रॅममध्ये याचा अर्थ असा की, वापरातला ऑब्जेक्ट मोकळा केला जातो, म्हणजे ज्या संकटातून सुटायला कलेक्टर आणला तेच संकट कलेक्टरच्या हातून येते. उपाय असा की, सफाई चालू असताना कोणीही दोर बांधला की त्याने तपासणाऱ्याला कळवले पाहिजे. कंपायलर रेफरन्स लिहिण्याच्या प्रत्येक ठिकाणी ही कळवण्याची छोटीशी सूचना घालतो, तिला राइट बॅरिअर म्हणतात. तेव्हाचे तीन रंग आजही तसेच वापरात आहेत. गो भाषेने ऑगस्ट २०१५ च्या १.५ आवृत्तीत याच पायावर थांबा १० मिलिसेकंदांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि जावाचा झेडजीसी हा कलेक्टर २०२० मध्ये जावा १५ बरोबर प्रत्यक्ष वापरासाठी तयार म्हणून जाहीर झाला. पुढच्या आवृत्तीत त्याचे थांबे एका मिलिसेकंदाच्याही खाली गेले. जिवंत ऑब्जेक्ट कितीही असले तरी थांबा लांबत नाही, हे या कलेक्टरांचे यश खरोखर मोठे आहे. पण मी तो लावला असता तर ते तीन सेकंद दिसलेच नसते, प्रोग्रॅम एके दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता पडला असता, आणि गळती मला आणखी उशिरा कळली असती. आधी गळती बंद करायची आणि मग कलेक्टर बदलायचा, हा क्रम मी ठरवला.

दुरुस्ती लहान होती. यादीऐवजी आता फोनच्या ओळख-क्रमांकानुसार नोंद ठेवणारा नकाशा आहे, त्यामुळे तोच फोन पुन्हा जोडला गेला की नवा लिसनर जुन्याची जागा घेतो. प्रत्येक फोनने दर ३० सेकंदांनी आपण आहोत असे कळवायचे. लागोपाठ तीन वेळा कळवले नाही तर सर्व्हर स्वतःच त्याचा दोर सोडतो. बोल्यांच्या नक्कला लिसनरांकडून काढून घेतल्या, सर्वांसाठी एकच प्रत ठेवली. वीक रेफरन्स वापरण्याचाही विचार केला होता. जावामध्ये १.२ आवृत्तीपासून असलेला हा दोर वस्तूला धरतो, पण कलेक्टरच्या मोजणीत धरला जात नाही. तो येथे मला पटला नाही. वीक रेफरन्स ठेवला की लिसनर कधी जाणार हे कलेक्टरच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते, आणि तोवर सर्व्हर निघून गेलेल्या फोनांना बातम्या पाठवत बसतो. फोन धक्क्यावरून गेला की नाही हे ठरवणे लिलावाचे काम आहे, मेमरीचे नव्हे. जेथे वस्तू केवळ सोय म्हणून जवळ ठेवलेली असते, उदाहरणार्थ बोटींच्या छायाचित्रांची साठवण, तेथे मात्र मी वीक रेफरन्स आनंदाने ठेवला आहे.

या प्रकरणानंतर मेमरीचा आलेख पाहण्याची माझी रीत बदलली. चालू प्रोग्रॅमचा वापर करवतीच्या दात्यांसारखा वर चढतो आणि सफाई झाली की खाली येतो. पूर्वी मी दात्यांची टोके पाहत असे आणि ती मर्यादेच्या आत आहेत म्हणून निश्चिंत असे. टोकांवरून काहीच कळत नाही, कारण जागा आहे तोवर वापरणे हाच कलेक्टरचा रास्त स्वभाव आहे. पाहायची ती ओहोटीची रेघ: पूर्ण सफाईनंतर खाली किती उरले. ऑक्टोबरातल्या नोंदी नंतर काढून पाहिल्या तेव्हा ती रेघ दररोज ५० एमबीने वर सरकत होती. पहिल्या चार दिवसांतच तिने सगळे सांगितलेले होते.

आता रोज पहाटे चारला, बोटी बाहेर असताना आणि धक्का रिकामा असताना, एक पूर्ण सफाई मी मुद्दाम करवून घेते आणि त्यानंतरचा आकडा माझ्या फोनवर येतो. फोन आता ३१ झाले आहेत आणि आकडा डिसेंबरपासून ८५ ते ९५ एमबीच्या मध्ये आहे. मावशींनी जानेवारीत फोन पुन्हा बाहेर काढला. जावा ८ वरून १७ वर जायचे राहिले आहे. ते काम जूनमध्ये बोटी खाडीत बांधल्या की करायचे ठरवले आहे, म्हणजे काही बिघडलेच तर दुरुस्तीला दोन महिने हाताशी असतील. तोवर जुन्या कलेक्टरचे थांबे रोज नोंदवून ठेवते आहे, नव्याचे मोजताना शेजारी ठेवायला.